जुळवून कुणी घ्यायचं?

(डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मृतिदिनी पुण्यात दिलेलं व्याख्यान)



आज २६ फेब्रुवारी. १८८७ साली याच तारखेला, याच शहरात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला त्यांना महिनाभर कमी होता. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्याला जेमतेम तीन-चार महिने झाले होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीकक्षाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. क्षयाने ती त्यांच्या हाती पडू दिली नाही.

त्यांच्या आयुष्याबद्दल आपण पुष्कळ ऐकलं आहे. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ते घरोघरी नेलं, पुढे नाटक आणि चित्रपटही आला. पहिली, एकटी, एवढी लहान, हे शब्द आपल्या तोंडी बसले आहेत. आज मला त्यांच्या पराक्रमापेक्षा त्यांच्या रोजच्या जगण्याविषयी बोलायचं आहे. परक्या देशात शिकायला गेलेल्या माणसाला कशाकशाशी जुळवून घ्यावं लागतं, त्यातलं किती त्याच्या हातात असतं आणि किती इतरांच्या, हा माझा विषय.

मराठीत ‘जुळवून घे’ हे दोन शब्द दोन प्रसंगी हमखास ऐकू येतात. मुलगी सासरी निघते तेव्हा, आणि मूल परदेशी शिकायला निघतं तेव्हा. पुण्यातून रात्री गाडी निघते, पहाटे मुंबईचा विमानतळ येतो, वजन केलेल्या दोन बॅगा उतरतात, आणि आत जाताना आई किंवा आजी डोक्यावरून हात फिरवून म्हणते, ‘नीट राहा, जुळवून घे.’ सांगणारीच्या मनात माया असते, त्याबद्दल शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचं एक ओझं बसतं. तिथे काही बिनसलं, तर आपणच जुळवून घ्यायला कमी पडलो, असं त्याला वाटू लागतं. सासरी गेलेल्या मुलींनी हे ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं. माझं आज म्हणणं एवढंच आहे की, जुळवून घेणं हे एकट्याचं काम नाही. ज्याच्याकडे आपण जातो त्याने, आणि ज्या घरातून निघालो त्या घरानेही, त्यातला आपापला वाटा उचलावा लागतो. तो उचलला नाही, तर उरतं ते नुसतं सोसणं.

१

आनंदीबाईंनी हे जुळवून घेणं दोनदा केलं. पहिल्यांदा नवव्या वर्षी. कल्याणची यमुना लग्न होऊन गोपाळरावांच्या घरी आली आणि नावासकट बदलली. नवरा सुमारे वीस वर्षांनी मोठा आणि शिकवण्याच्या बाबतीत हट्टी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून आला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

दुसऱ्यांदा अठराव्या वर्षी. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. लोक त्यांना जे विचारत होते, त्यातले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का जायचं, इथे सोय नाही का, एकटीच का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकलं तर काय, संकट आलं तर काय करशील, आणि आजवर कुणा बाईने केलं नाही ते तूच का करतेस. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर त्यांचं उत्तर असं की, इथे जशी राहते तशीच तिथे राहीन. रीतिरिवाज, खाणं आणि पोशाख बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

या वचनाकडे जरा थांबून पाहा. परदेश न पाहिलेल्या मुलीने सभेसमोर शब्द दिला की मी बदलणार नाही. शब्द मागणारा समाज होता, आणि तो पाळायचा होता तिने, आठ-दहा हजार मैलांवर, बर्फात.

एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोट सुटली आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या. तिथे थिओडोसिया कार्पेंटर त्यांना घ्यायला आल्या. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात पत्नीच्या शिक्षणाबद्दलचा गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला होता. मिशनरी मंडळींनी गोपाळरावांना धर्म बदलण्याचा सल्ला दिला होता. कार्पेंटरबाईंनी मात्र वाचून झाल्यावर या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. तीनेक वर्षं पत्रं चालली आणि मग घराचं दार उघडलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आईच्या बहिणीचं हे नातं त्यांनी तिथल्या बाईला मराठीतच दिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भाषेत जागा केल्याशिवाय माणसाला घरात जागा होत नाही.

मग फिलाडेल्फिया. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, डीन रेचल बॉडली. आणि मग थंडी. आपलं नऊवारी लुगडं पोटऱ्या उघड्या ठेवतं. पुण्याच्या हवेत ते ठीक, फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नाही. आनंदीबाईंनी लुगडं सोडलं नाही, पण नेसण्याची पद्धत बदलली आणि पाय झाकणारी गुजराती पद्धत घेतली. खाणं शाकाहारीच ठेवलं आणि त्यासाठी स्वतः रांधलं. खोलीतली शेकोटी धूर ओकणारी. पेटवावी तर धूर, विझवावी तर गारठा. अभ्यास त्यातच करायचा. इकडून गोपाळरावांची पत्रं यायची, त्यांत पुष्कळदा जाब विचारलेला असायचा, आणि ही मुलगी शवविच्छेदनाच्या अभ्यासातून वेळ काढून खुलासे लिहायची. जिथे गेली तिथल्या हवेशी जमवायचं आणि जिथून आली तिथल्या शंकांनाही उत्तर द्यायचं, अशा दोन आघाड्या ती एकाच वेळी लढत होती.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी कॉलेजच्या समारंभात काढलेलं एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी बसल्या आहेत. लुगड्यातल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातल्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात आहेत आणि तिघी एकाच कॉलेजच्या आहेत. त्या कॉलेजने त्यांना आपल्यासारखं व्हायला लावलं नाही, हे त्या छायाचित्रात दिसतं. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी घरचाच घेतला होता, आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र.

आनंदीबाईंनी लुगड्याचं कापड ठेवलं आणि नेसण बदलली. जुळवून घेण्याची इतकी नेमकी रीत मी दुसरी पाहिली नाही. काय ठेवायचं आणि कसं बदलायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. ज्याला हे स्वतः ठरवता येतं, तो परदेशात टिकतो.

२

आनंदीबाईंच्या पदवीदानाला एक पाहुण्या इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या, पंडिता रमाबाई. त्याही १८८३ मध्येच पुण्याहून निघाल्या होत्या. आपल्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनशी ज्या जोगिणींचा संबंध होता, त्यांच्याच वाँटेज इथल्या आश्रमात त्या उतरल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही. तिथल्या पहिल्याच वर्षात सोबत आलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली. परक्या मुलखातलं जगणं माणसाला कुठवर नेऊ शकतं, याची ही आपल्या इतिहासातली नोंद आहे आणि ती झाकून ठेवू नये.

रमाबाईंनी तिथे धर्म बदलला. म्हणजे आनंदीबाईंनी जे बदलणार नाही म्हटलं, तेच रमाबाईंनी बदललं. पुण्याला त्याचा राग आला. पण पुढचं पाहा. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शाकाहारी राहिल्या; अंडं असलेली पुडिंग त्यांनी नाकारली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, माझ्या संस्कृतात का नकोत, यावर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. कुणी काही शिकवलं म्हणून ते विचार न करता मान्य करायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. देव स्वीकारला तरी विवेक गहाण टाकला नाही.

अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं. तिथल्या स्त्रियांच्या संघटना, शिक्षण आणि कष्ट यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि तिथल्या वर्णभेदाबद्दल परखडपणे लिहिलं. परदेशाने भारावून जाणं सोपं असतं आणि परदेशाला नावं ठेवणंही सोपं असतं. रमाबाईंनी दोन्ही टाळून तो देश पारखला. ज्याला नव्या देशातलं चांगलं घेता येतं आणि वाईट दिसतं, तोच तिथे खरा रुळलेला म्हणायचा.

हीच पारख चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी इरावती कर्वे यांच्यात दिसते. पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेली ही मुलगी महर्षी कर्व्यांची सून झाली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेली. सासऱ्यांना तो बेत पसंत नव्हता. पतीने, दिनकर कर्व्यांनी, तो धरून ठेवला. बर्लिनमध्ये मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि त्यातून त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरते, अशी त्यांची समजूत होती. इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. त्यांनी मोजल्या, आकडे मांडले आणि प्रबंधात लिहिलं की आकडे या समजुतीला आधार देत नाहीत. जगप्रसिद्ध प्राध्यापक, परकी भाषा, परका देश, पदवी त्यांच्या हाती. तरीही ही पुण्याची विद्यार्थिनी सत्य सांगून डॉक्टरेट घेऊन आली. परदेशी शिक्षणाने माणसाला काय दिलं, हे विचारताना आपण पगार आणि पदवी विचारतो. इरावतीबाईंनी तिथल्या शास्त्राची शिस्त घेतली आणि त्याच शिस्तीने तिथल्या चुकीला चूक म्हटलं.

३

आता माझं थोडं सांगते, कारण या विषयावर फक्त थोरांच्या आधाराने बोलणं बरोबर नाही.

मी मावळातली. घरी भातशेती. १९८३ च्या शरदात शिष्यवृत्तीवर वनस्पतिशास्त्र शिकायला जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठ-गावात गेले. वसतिगृहात एका मजल्यावर बारा जणी आणि एक स्वयंपाकघर. पहिल्या आठवड्यात मी फोडणी दिली, आणि दुसऱ्या दिवशी दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. माझं जर्मन तेव्हा कच्चं. ‘कृपया’, ‘स्वयंपाक’, ‘वास’ एवढे शब्द कळले आणि पुढचं मी अपमानाने वाचलंच नाही. त्या दिवसापासून मी चूल बंद केली. तीन आठवडे पाव आणि चीज खाल्लं. हेच जुळवून घेणं, अशी माझी समजूत. वजन उतरलं, रात्री झोप येईना, आणि घरी मात्र निळ्या आंतरराष्ट्रीय पत्रात लिहीत होते, ‘इथे सगळं छान आहे.’

शेवटी शेजारच्या खोलीतल्या मुलीनेच विचारलं, ‘तू स्वयंपाक का करत नाहीस?’ मी चिठ्ठी दाखवली. तिने ती मोठ्याने वाचली. ‘स्वयंपाक करताना कृपया खिडकी उघडावी आणि दार लावावं, म्हणजे वास जिन्यात जाणार नाही.’ सगळ्यांसाठीच लिहिलेली होती ती. मला त्यात जो तिरस्कार दिसला, तो मी माझ्या भीतीतून वाचला होता. तिथली माणसं जे सांगायचं ते सरळ लिहितात. आपण सरळ बोलण्याला रागावणं समजतो. आणि आपण ज्याला भिडस्तपणा म्हणतो, ते त्यांना कळतच नाही. माझ्या प्राध्यापकांनी एक काम सांगितलं तेव्हा मी आपल्या रीतीने ‘बघते’ म्हणाले. आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे बहुधा नाही. त्यांनी ते होकार धरला आणि दोन आठवड्यांनी काम मागितलं. मी गप्प. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की नकार दिलात तर मी रागावणार नाही, पण नकार न देता काम न करणं मला समजत नाही. ते वाक्य मी आयुष्यभर जपलं आहे.

त्याच शेजारणीला मी नंतर जेवायला बोलावलं. आमटीत गोडा मसाला होता. हा वास कशाचा, असं तिने विचारलं, म्हणून डब्यातून मसाल्याचे पदार्थ काढून एकेक दाखवले. धणे, तीळ, दालचिनी तिला माहीत होती. दगडफूल पाहून ती थबकली. ‘हे तर लायकेन!’ तीही जीवशास्त्राची होती. आमच्या घरी दगडफूल मसाल्यात घालतात आणि तिच्या देशात ते झाडाच्या खोडावर, भिंतीवर नुसतं वाढतं, यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. त्या रात्रीपासून ते गाव मला परकं राहिलं नाही.

दगडफूल ही एक वनस्पती नाही, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. त्यात बुरशी आणि शैवाल असे दोन जीव एकत्र राहतात. बुरशी आसरा आणि ओलावा देते, शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं. उघड्या कातळावर दोघांपैकी एकट्याचा निभाव सहसा लागत नाही. दोघं मिळून मात्र तिथे जगतात. याला शास्त्रात सहजीवन म्हणतात. दगडफुलांचा अभ्यास आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं झाला आहे. ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे, ते शंकर पुरुषोत्तम आघारकर स्वतः जर्मनीत शिकायला गेले होते. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे स्थानबद्ध व्हावं लागलं. तरी शिक्षण पुरं करून ते परतले, आणि १९४६ मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी राहिली; आजची आघारकर संस्था तिचीच.

भातशेतीचीही एक गोष्ट आई सांगायची. रोपं तरव्यातून उपटून खाचरात लावली की काही दिवस पिवळी पडतात. नवखा शेतकरी घाबरतो. जाणता म्हणतो, मुळं धरतायत, हात लावू नका, फक्त पाणी राहू द्या. परदेशी गेलेलं मूल पहिल्या महिन्यांत असंच पिवळं पडतं. ते त्याचं अपयश नाही. पण खाचरात पाणी ठेवणं हे रोपाचं काम नाही, हेही तितकंच खरं.

४

इथवर मी परदेशाबद्दल बोलले. आता परत येण्याबद्दल.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी झपाटल्यासारखा अभ्यास केला. जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. तिथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये नोकरीच्या करारानुसार बडोद्याला आले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की, परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताना पहिला प्रश्न पडला, राहायचं कुठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. पारशी म्हणून नाव लिहून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. कोलंबियात शिकलेला हा विद्वान एका सार्वजनिक बागेत खिन्न मनाने बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

परक्या देशात ज्याला जुळवून घेणं कठीण गेलं नाही, त्याला आपल्या देशात जागा मिळाली नाही. यात त्यांनी काय कमी केलं होतं? जुळवून घ्यायचं होतं ते समाजाने, आणि समाजाने काठी उचलली. म्हणून सांगते, कुणी परदेशातून काय शिकून आलं याची चौकशी करण्यापूर्वी, ते ठेवायला आपण घरात जागा केली आहे का, हे तपासावं.

आज काठ्या नाहीत, पण दुसरे प्रकार आहेत. बाहेर राहून आलेला मुलगा स्वतःचं ताट घासतो, ते आजीला खटकतं. मुलगी सभेत वडीलधाऱ्याला प्रश्न विचारते, तर ‘तिकडे जाऊन शेफारली’ असं म्हणतात. वेळेवर येणाऱ्याला ‘मोठे साहेब झाले’ म्हणतात. ज्या गोष्टी शिकण्यासाठी लाखो रुपयांचं कर्ज काढलं, त्याच वापरल्या की आपल्याला टोचतात. आनंदीबाईंकडून सेरामपूरमध्ये जे वचन घेतलं गेलं, तेच आपण अजून मुलांकडून घेतो आहोत. जा, शीक, पण बदलू नकोस.

५

आता आपल्या शहराचं. पुण्यातून मुलं बाहेर जातात. जर्मन, फ्रेंच, जपानी शिकायला संध्याकाळी वर्ग भरतात, फर्ग्युसन रस्त्यावर परदेशी प्रवेशाचे सल्लागार बसलेले असतात. पण हे शहर परदेशातल्या मुलांचं यजमानही आहे, हे आपण विसरतो.

फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून काहीतरी देते, हे त्यांच्या नजरेला आलं. शिस्तीच्या दृष्टीने त्यांनी चौकशी केली. तो मुलगा मॉरिशसचा होता. त्याला कावीळ झाली होती. परक्या गावात त्याची देखभाल करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती मुलगी त्याला खायला आणून देत होती. मुजुमदारांनी शिक्षा केली नाही. आपल्या शहरात शिकायला आलेल्या परदेशी मुलांचे हाल त्यांच्या मनाला लागले, आणि १९७१ मध्ये अशा मुलांसाठी त्यांनी संस्था काढली. तिला नाव दिलं आपल्याच विषयातलं, सिम्बायोसिस, म्हणजे सहजीवन. दगडफुलातलं सहजीवन ते हेच. आज तिचं मोठं विद्यापीठ झालं आहे. पण तिचा उगम एका आजारी मुलाच्या खिडकीपाशी आहे, हे पुण्याने लक्षात ठेवावं.

कारण ती खिडकी अजून आपल्या गल्लीत आहे. आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून, आपल्याच ईशान्य भारतातून इथे मुलं शिकायला येतात. ती खोली शोधत फिरतात तेव्हा आपण विचारतो, काय खाता, कोण येतं, किती वाजता परतता. त्यांच्या स्वयंपाकाच्या वासावरून सोसायटीच्या बैठकीत तक्रारी होतात. जर्मनीत माझ्या दारावरची चिठ्ठी सगळ्यांसाठी होती. आपल्या सोसायटीतल्या चिठ्ठ्या बहुधा एकाच दारासाठी असतात. आपल्या मुलांना बाहेर मायेची मावशी मिळावी असं आपल्याला वाटत असेल, तर आपणही कुणाची तरी मावशी व्हायला हवं.

जाणाऱ्या विद्यार्थ्यांना थोडंच सांगते. काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे तुम्ही स्वतः ठरवा. भीतीपोटी सोडू नका आणि हट्टापोटी धरूही नका. चिठ्ठी पूर्ण वाचा, आणि कळली नाही तर विचारा. ‘नाही’ म्हणायला शिका. एक पदार्थ असा शिकून जा, जो चार जणांना वाढता येईल. आणि बरं वाटत नसेल तर घरी खरं सांगा.

पालकांना सांगते. पूर्वी पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागत आणि खोटं लिहिणं सोपं होतं. आज रोज पडद्यावर चेहरा दिसतो, आणि तरी खोटं बोलणं सोपंच आहे. मूल कॅमेऱ्यासमोर हसतं आणि फोन ठेवून रडतं. ‘जेवलास का’ हे जरूर विचारा. पण त्यासोबत ‘आज कुणाशी बोललास’ हेही विचारा. कर्जाचा हप्ता रोज आठवून देऊ नका. आणि ‘जुळवून घे’ म्हणण्याऐवजी एवढं म्हणा, ‘नाही जमलं तर परत ये, घर इथेच आहे.’ हे ऐकलेली मुलं सहसा परत येत नाहीत, ती टिकतात.

शेवटी पुन्हा आनंदीबाईंकडे. त्यांचं निधन पुण्यात झालं, पण त्यांच्या अस्थींचं स्मारक पुण्यात नाही. गोपाळरावांनी त्या अस्थी थिओडोसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या विसावल्या आहेत. एका परक्या कुटुंबाने आपल्या आप्तांच्या रांगेत एका मराठी मुलीला कायमची जागा दिली. तेवढी मोठी जागा आज आपल्याकडे कुणी मागत नाही. आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत दूर देशातून आलेलं जे मूल राहतं, त्याला या आठवड्यात एकदा घरी जेवायला बोलवा. आनंदीबाईंचा स्मृतिदिन याहून चांगल्या रीतीने पाळता येईल, असं मला वाटत नाही.